श्वासाचा निरोप पोहोचेना

११ सप्टेंबर २००१, सकाळी ७ च्या सुमारास. उत्तर म्यानमारच्या कचिन भागातलं रात बाव हे खेडं. कॅलिफोर्निया ॲकॅडमी ऑफ सायन्सेसचा ३८ वर्षांचा सर्पतज्ज्ञ जो स्लोविन्स्की सापाच्या पिशवीत हात घालतो. आत बिनविषारी साप आहे असा समज. हात बाहेर येतो तेव्हा बोटाला पेन्सिलीएवढं बारीक, पट्ट्यापट्ट्यांचं पिल्लू लटकलेलं असतं. मण्यारीचं. आपल्या शेतशिवारातल्या मण्यारीचीच ही जवळची नातेवाईक.

पहिला तास. ना ठणका, ना सूज. मण्यारीचा दगा तो हाच. आपल्याकडे जमिनीवर झोपलेल्या माणसाला कित्येकदा ती चावल्याचं कळतही नाही. स्लोविन्स्की न्याहारीला बसतो. विष एव्हाना रक्तात उतरलेलं असतं. मेंदूभोवतीचा अडसर ते ओलांडू शकत नाही. त्याचं लक्ष्य वेगळं आहे: मज्जातंतू जिथे संपतो आणि स्नायू सुरू होतो, तिथली केसाहून कितीतरी पटींनी बारीक फट. मेंदूचा निरोप तंतूतून विजेच्या रूपाने येतो, पण ही फट तो ॲसिटिलकोलिन या रसायनाच्या रूपाने पार करतो. विषातला एक घटक हे रसायन झेलणाऱ्या, स्नायूवरच्या ग्राहींवर ठाण मांडून बसतो. दुसरा तंतूच्या टोकात शिरून रसायनाचा साठा संपवतो आणि ते टोकच मोडून टाकतो. तैवानच्या चँग आणि ली यांनी १९६३ मध्ये हे घटक वेगळे केले, ते मण्यारीच्याच विषातून.

८ च्या सुमारास. हाताला मुंग्या येतात. पुढे काय होणार हे जोइतकं तिथे कोणालाच ठाऊक नाही. तो सोबत्यांना गोळा करून सगळं सांगतो: माझा श्वास थांबेल, शुद्ध मात्र राहील, तेव्हा तोंडाने श्वास देत राहा. मदत मागायला माणसं धावत सुटतात.

दुपार. अशा विषबाधेत आधी पापण्या मिटतात, मग जीभ जड होते, गिळता येईनासं होतं. जोची वाचा जाते. मग श्वास. मेंदूतली लंबमज्जा श्वासाचा हुकूम सोडतच असते. मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या मज्जारज्जू-खंडांतून निघालेला तंतू तो छातीखालच्या पडद्यापर्यंत आणतोही. अडतं ते शेवटच्या फटीशी. पडदा हलत नाही.

बाकी सगळं शाबूत. ऐकू येतं, दुखतं, आठवतं, भीती वाटते. हृदयाचे ठोके त्याच्या स्वतःच्या गतिकारकातून उमटतात. त्याची गती कमी करणारा तंतूही ॲसिटिलकोलिनच वापरतो, पण हृदयावरच्या ग्राहींची घडण वेगळी असल्याने विषाला तिथे बसता येत नाही.

संध्याकाळ, रात्र. सोबती पाळीपाळीने तोंडाने श्वास देतात. विचारलेल्या प्रश्नाला स्लोविन्स्की पायाची बोटं हलवून उत्तर देतो. काही तासांनी बोटंही थांबतात. मला सगळ्यात छळतो तो हा प्रहर. आत जागा असलेल्या माणसाला ‘हो’ म्हणायलाही एक स्नायू लागतो, आणि तोही उरलेला नाही.

तंतूंची मोडलेली टोकं पुन्हा फुटतात. दिवस लागतात, कधी आठवडे. पण तोवर यंत्राने श्वास चालू ठेवला तर मण्यार चावलेला माणूस बरा होऊन आपल्या पायांनी घरी जाऊ शकतो. रात बावला असं यंत्र नाही. बाहेर पाऊस आणि दाट ढग. हेलिकॉप्टर पोहोचू शकत नाही.

१२ सप्टेंबर, दुपार. दंशाला चोवीस तासांहून अधिक काळ लोटला आहे. साडेबाराच्या सुमारास हृदय थांबतं. सोबती छाती दाबत राहतात, बराच वेळ. ते पुन्हा सुरू होत नाही.