एका दिवसाचे धनी

बेसबॉल या अमेरिकन खेळाचा हिशेब आज ज्या तऱ्हेने ठेवला जातो, तिचा पाया घालणारा मनुष्य मूळचा इंग्रज आणि मूळचा क्रिकेटचा बातमीदार होता. हेन्री चॅडविक हे त्याचे नाव. १८२४ साली इंग्लंडात जन्मलेला हा गृहस्थ लहानपणीच अमेरिकेत गेला, तेथील वृत्तपत्रांत क्रिकेटचे वृत्तांत लिहू लागला आणि पुढे त्याचे मन या नव्या खेळावर जडले. क्रिकेटच्या धावफलकाच्या धर्तीवर त्याने बेसबॉलसाठी एक तक्ता रूढ केला. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे रकाने. फटके किती, धावा किती, चुका किती. तेव्हापासून या खेळाचे दप्तर असे चोख राहिले आहे की, शंभर वर्षांमागच्या एखाद्या दुपारी बोस्टनच्या मैदानावर कोणी काय केले, ते आज बिनचूक सांगता येते. जुन्या फायलींशी ज्यांचा नित्य संबंध येतो, त्या आमच्या वाचकांस याचे कौतुक वाटल्यावाचून राहणार नाही.

हे दप्तर चाळू लागले की एक गोष्ट ध्यानात येते. बेब रूथ, टाय कॉब अशा महारथींचे विक्रम त्यात आहेतच. परंतु काही अत्यंत दुर्गम विक्रमांपुढे जी नावे आहेत, ती खुद्द अमेरिकेतही जाणत्या शौकिनांपलीकडे फारशी कोणास ठाऊक नसतात. न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाऊन गावी १९३९ पासून या खेळाचे कीर्तिमंदिर आहे. तेथे प्रवेश मिळतो तो संपूर्ण कारकीर्द तोलून, आणि प्रवेशाची मुख्य वाट म्हणजे क्रीडापत्रकारांची किमान पाऊणपट मते. ज्या विक्रमवीरांची हकीकत आम्ही सांगणार आहोत, त्यांपैकी एकालाही तेथे स्थान नाही. हिशेबाचे तक्ते आखणारा चॅडविक मात्र तेथे विराजमान आहे. कारकुनी पेशाचा एवढा सन्मान अन्यत्र क्वचितच झाला असेल!

खेळाची ओळख थोडक्यात करून देणे अवश्य आहे. मैदानात चार तळ असतात. चेंडू फेकणारा, म्हणजे पिचर, फलंदाजाकडे चेंडू टाकतो. फलंदाजाने फटका मारून पहिला तळ गाठला तर एकेरी, दुसरा गाठला तर दुहेरी, तिसरा गाठला तर तिहेरी फटका. चारही तळ एका फटक्यात पालथे घातले तर तो होमरन. तीन गडी बाद झाले की पाळी बदलते. दोन्ही बाजूंच्या पाळ्या झाल्या म्हणजे एक डाव, आणि असे नऊ डाव. बरोबरी राहिली तर निकाल लागेपर्यंत पुढे खेळायचे.

पिट्सबर्गचा ओवेन विल्सन याने १९१२ च्या हंगामात ३६ तिहेरी फटके मारले. अन्य कोणत्याही हंगामात त्याला १४ च्या वर जाता आले नाही. पिट्सबर्गचे त्या वेळचे फोर्ब्ज फील्ड हे मैदान अवाढव्य होते आणि दूर गेलेला चेंडू परत येईतो पळणाऱ्यास सवड मिळे, हे खरे. पण त्याच मैदानावर इतरही शेकडो फलंदाज खेळले. शतक उलटून गेले तरी ३६ च्या जवळपास कोणी फिरकलेले नाही. टेनेसीच्या कोळसा-खाणींत वाढलेल्या अर्ल वेबची गोष्ट तशीच. १९३१ मध्ये बोस्टनकडून त्याने ६७ दुहेरी फटके मारले. इतर एकाही वर्षी तो तिसाच्या पुढे गेला नाही.

फलंदाजांपेक्षा पिचरांच्या कथा अधिक रंगतदार आहेत. १ मे १९२० रोजी बोस्टन येथे ब्रुकलिनच्या बाजूने लिऑन कॅडोर आणि बोस्टनच्या बाजूने जो एश्गर चेंडू टाकण्यास उभे राहिले. पाचव्या डावात ब्रुकलिनने एक धाव केली, सहाव्यात बोस्टनने फेडली. त्यानंतर वीस डाव एकही धाव झाली नाही! सव्विसाव्या डावाअखेर अंधार पडू लागला तेव्हा पंचांनी खेळ थांबवला, धावा एक-एक. दोघांनीही आरंभापासून अखेरपर्यंत हात बदलू दिला नव्हता. आज पिचरने नऊ डाव पुरे केले तरी ती बातमी होते. कॅडोरच्या खात्यावर जन्मभरात ६८ विजय व ७२ पराभव, एश्गरच्या ८२ विजय व ११६ पराभव जमा आहेत. ब्रुकलिनचा संघ दुसऱ्या दिवशी फिलाडेल्फियाशी तेरा डाव खेळून हरला आणि तिसऱ्या दिवशी बोस्टनशी एकोणीस डाव खेळून पुन्हा हरला. तीन दिवसांत अठ्ठावन्न डाव आणि विजय एकही नाही. तरी त्याच वर्षी आपल्या लीगचे अजिंक्यपद त्यांनीच मिळवले.

सिनसिनाटीचा जॉनी व्हँडर मीअर हा तेवीस वर्षांचा डावखुरा पिचर होता. ११ जून १९३८ रोजी त्याने बोस्टनविरुद्ध संपूर्ण सामन्यात एकही फटका मिळू दिला नाही. अशा सामन्यास नो-हिटर म्हणतात आणि पुष्कळ पिचरांच्या नशिबी तो जन्मात एकदाही येत नाही. चारच दिवसांनी ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर दिव्यांच्या प्रकाशातील पहिला सामना होता. अडतीस हजारांहून अधिक प्रेक्षक जमले होते. तेथे त्याने तोच पराक्रम पुन्हा केला. शेवटच्या डावात त्याचा नेम ढळला, तीन फलंदाजांना त्याने फुकट पहिला तळ दिला आणि तिन्ही तळ भरले. पण फटका दिला नाही. हा विक्रम मोडायचा तर लागोपाठ तीन नो-हिटर हवेत. त्याची एकंदर कारकीर्द? विजय ११९, पराभव १२१.

दर्जेदार खेळाडूलाही मोठे दार बंद राहू शकते, हे महाराष्ट्राला सांगावयास नको. भाऊसाहेब निंबाळकरांनी डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनच्या ४५२ ला नऊ धावा उरल्या असताना प्रतिपक्षाने पुढे खेळण्याचेच नाकारले. भारतीयाची प्रथम श्रेणीतील ती सर्वोच्च धावसंख्या अद्याप आहे. निंबाळकरांना मात्र एकही कसोटी सामना मिळाला नाही. त्यांना सामान्य म्हणण्याचे पाप आम्ही करणार नाही. डाव अर्ध्यावर तुटला तरी आकडा वहीत राहिला, एवढेच येथे नोंदवतो. कारण पुढील कथेत तेही घडले नाही.

२६ मे १९५९. पिट्सबर्गचा संघ मिलवॉकीला खेळत होता. पिचर हार्वी हॅडिक्स, वय तेहतीस, अंगात सर्दी-पडसे. समोरचा संघ आदल्या दोन्ही वर्षी लीगचा अजिंक्य, आणि त्यात हँक ॲरन व एडी मॅथ्यूज यांच्यासारखे फलंदाज. नऊ डावांत हॅडिक्सने सत्तावीस गडी ओळीने बाद केले. फटका नाही, फुकट तळ नाही, चूक नाही. अशा निर्दोष सामन्यास परफेक्ट गेम म्हणतात. पण सामना संपला नव्हता, कारण मिलवॉकीचा लू बर्डेट पिट्सबर्गकडून बारा फटके खाऊनसुद्धा धाव देत नव्हता. दहावा, अकरावा, बारावा डाव. ओळीने छत्तीस गडी बाद.

तेराव्या डावात तिसऱ्या तळावरील डॉन होकने चेंडू चुकीचा फेकला आणि फेलिक्स मँटिया पहिल्या तळावर पोचला. मॅथ्यूजने स्वतः बाद होऊन त्याला दुसऱ्या तळावर सरकवले. ॲरनला हॅडिक्सने मुद्दाम फुकट तळ दिला. मग जो ॲडकॉकने चेंडू कुंपणापलीकडे भिरकावला. आनंदाच्या भरात ॲरन धावण्याची वाट सोडून मध्येच वळला, ॲडकॉक त्याच्या पुढे निघून गेला, आणि या गोंधळामुळे होमरनचा दुहेरी फटका ठरला. लीगच्या अध्यक्षांनी धावसंख्या अखेर एक-शून्य अशी कायम केली. बर्डेट जिंकला, हॅडिक्स हरला.

तरीही नोंदवहीत परफेक्ट गेमच्या यादीत हॅडिक्सचे नाव राहिले होते. सप्टेंबर १९९१ मध्ये बेसबॉलच्या आकडेवारीच्या अचूकतेसाठी नेमलेल्या समितीने नवी व्याख्या केली: सामना किमान नऊ डावांचा असला पाहिजे आणि अखेरपर्यंत एकही फटका गेलेला नसला पाहिजे. या एका ठरावाने पन्नास सामने यादीतून वगळले गेले, आणि त्यांत हॅडिक्सचाही होता. त्याच समितीने रॉजर मॅरिसला न्याय दिला, हे विशेष. मॅरिसने १९६१ मध्ये ६१ होमरन मारून बेब रूथचा ६० चा विक्रम मोडला होता. पण हंगाम १५४ ऐवजी १६२ सामन्यांचा झाला म्हणून दोघांचे आकडे वेगवेगळे दाखवले जात. समितीने तो भेद काढून टाकला. मॅरिस १९८५ मध्येच वारला होता. हॅडिक्स हयात होता.

ठराव तर्काला धरून आहे, हे आम्ही नाकारत नाही. ज्या सामन्यात फटका बसला, त्याला बिनफटक्याचा म्हणता येत नाही. परंतु कोणत्याही कचेरीतील नोंदवहीत अखेरचा रकाना शेऱ्याचा असतो, आणि तो अशाच प्रसंगासाठी ठेवलेला असतो. नऊ डावांत सत्तावीस गडी बाद करणाऱ्याचे नाव यादीत राहते. त्यापुढे आणखी नऊ गडी बाद करणाऱ्याचे कापले जाते. ही कात्री चालवताना समितीतील एकाही सदस्याची लेखणी शेऱ्यासाठी उचलली गेली नाही, याचे आम्हांस नवल वाटते.

हॅडिक्सने आणखी सहा वर्षे खेळून १३६ विजय व ११३ पराभवांवर कारकीर्द संपवली. १९६० च्या जागतिक मालिकेतील निर्णायक सातवा सामना पिट्सबर्गने जिंकला, तेव्हा विजयी पिचर म्हणून त्याचेच नाव लागले. त्याबद्दल त्याला क्वचितच कोणी विचारी. १९९१ चा निर्णय कळल्यावर, आपण काय केले ते आपल्याला ठाऊक आहे, एवढेच तो म्हणाल्याचे सांगतात. जानेवारी १९९४ मध्ये तो वारला. सामन्याच्या आरंभापासून ओळीने छत्तीस गडी बाद करणारा दुसरा पिचर अद्याप झालेला नाही.