तस्कन घर नेमकं कोणाचं?

माझ्या एका जुन्या मित्राने कुमाऊंत डोंगरउतारावर जागा घेतलीय. तिथे त्याला तस्कनीसारखं घर बांधायचंय: दगडी भिंती, लाल कौलं, बाहेरून जिना. नकाशा घेऊन आला. मी म्हटलं, बस, आधी हे घर कोणाचं होतं ते ऐक.

इटलीत याला 'कासा कोलोनिका' म्हणतात. कुळाचं घर. पद्धत 'मेझ्झाद्रिया', म्हणजे आपली निम्मी बटई. जमीन मालकाची, घरही मालकाचं. राबणार कुळ आणि पीक अर्धं-अर्धं. मालकाने नोटीस दिली की बिऱ्हाड उचलायचं. अठराव्या शतकात तिथे शेतीसुधारणांचे वारे होते. 1770 साली फेर्दिनांदो मोरोझ्झीने फ्लॉरेन्समध्ये शेतकऱ्यांच्या घरांवर स्वतंत्र पुस्तकच काढलं. कुळ आणि बैल धडधाकट, तर मालकाचा निम्मा वाटाही मोठा. यात दया थोडी, हिशेब जास्त, असं माझं मत.

पण घर मात्र अक्कलहुशारीचं. उताराचा फायदा घेऊन खाली गोठा, वर माणसं. गुरांची ऊब वर चढते. मधोमध स्वयंपाकघर आणि मोठी चूल. भिंती जाड, खिडक्या लहान. जागा अशी की सगळं शेत नजरेत यावं. फौजी माणसाला हे लगेच कळतं! 1944 मध्ये इटलीत जर्मनांनी अशीच घरं मोर्चे म्हणून वापरली. वरच्या टायबर खोऱ्यात 10 जुलैला आपले नाईक यशवंत घाडगे धारातीर्थी पडले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो याच डोंगराळ मुलखात.

1964 च्या कायद्याने बटईचे नवे करार बंद झाले. लोक आधीपासूनच कारखान्यांकडे निघाले होते. घरं ओस पडली. मग परदेशी गिऱ्हाइकं आली आणि गोठ्याचा दिवाणखाना झाला. मित्राने मासिकात पाहिलं ते हे घर.

त्याला म्हटलं, कुमाऊंची जुनी घरंही तशीच आहेत, खाली गुरं, वर माणसं. खालच्या मजल्याला तिथे 'गोठ'च म्हणतात. गावातला गवंडी गाठ. आणि तस्कन छपराचा उतार फार कमी, तुझ्या पावसा-बर्फाला तो चालणार नाही.

मग नकाशात बोट ठेवलं. राखणदाराची खोली जिन्याखाली, बिनखिडकीची. तो जरा गप्प झाला, मग पेन्सिल मागितली.