कोकणच्या सागरी मार्गावर गाडी घेऊन जाताय? आधी तिथी बघा

पैठण : सुट्ट्या लागल्या की तालुक्यातली अनेक कुटुंबं गाडी करून कोकणात निघतात. नाथसागर रोजच्या बघण्यातला असल्याने पाण्याची भीती फारशी कोणाला वाटत नाही. पण धरणाचं पाणी जागेवर असतं, समुद्राचं नसतं. ते दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. सहलीचं वेळापत्रक त्यावरच बसवावं लागतं.

मार्ग कसा आहे?

रायगडमधील रेवस ते सिंधुदुर्गातील रेडी असा हा सागरी मार्ग आहे. तो पूर्ण करायला आठवडाही कमी पडेल. चार-पाच दिवस हाताशी असतील तर मधला टप्पा सोयीचा.

- पहिला दिवस : पैठण, शेवगाव, अहिल्यानगर, पुणे, ताम्हिणी घाट, माणगाव, श्रीवर्धन. पहाटेच निघावं. घाट उजेडात उतरावा, उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी.
- दुसरा दिवस : हरिहरेश्वर, बागमांडला-वेश्वी फेरीबोट, नाना फडणवीसांचं गाव वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै. हर्णै बंदरावरचा माशांचा लिलाव आणि समोरचा सुवर्णदुर्ग बघण्यासारखा.
- तिसरा दिवस : दापोली, दाभोळ-धोपावे फेरीबोट, गुहागर.
- चौथा दिवस : हेदवी, तवसाळ-जयगड फेरीबोट, गणपतीपुळे. परतताना आंबा घाटातून कोल्हापूर, पुणे. वेळ कमी असेल तर गुहागरवरूनच चिपळूण, कुंभार्ली घाट, कराड असं परतावं.

गाडी बोटीत चढते

सावित्री, वाशिष्ठी आणि शास्त्री या नद्यांच्या खाड्या या मार्गाला आडव्या येतात. तिथे गाडी माणसांसकट फेरीबोटीत चढवून पलीकडे नेतात. पोरांना याची मोठी मजा वाटते. बोट चुकली तर मात्र मोठा वळसा पडतो. दाभोळहून धोपावे समोर दिसतं, पण रस्त्याने जायचं तर चिपळूणवरून फिरून यावं लागतं. शेवटची फेरी किती वाजता आहे, हे आदल्या दिवशीच मुक्कामाच्या ठिकाणी विचारून ठेवावं. बोटीत गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढायला विसरू नये.

भरतीचा पाऊणपट हिशेब

घरात पंचांग किंवा कॅलेंडर असेल तर भरतीची वेळ काढता येते. कोकणातला जुना हिशेब असा : तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. तिथी शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. अमावास्येला १५ धरायचे.

नाथषष्ठीचंच उदाहरण घ्या. सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे त्या दिवशी पहाटे साडेचार आणि दुपारी साडेचारच्या सुमारास पूर्ण भरती. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे साडेदहा-पावणेअकराला. एकादशीला भरती सव्वाआठला येते. दिवाळीत निघणार असाल तर भाऊबीजेला दीड वाजता.

रोज ही वेळ साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. हिशेब अंदाजाचा आहे, अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो. म्हणून गावातल्या मच्छीमारांना विचारून खात्री करावी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. तेव्हा पाणी जास्त चढतं आणि जास्त वेगाने उतरतं. अष्टमीच्या सुमारास जोर कमी असतो.

पैठणप्रमाणेच हरिहरेश्वरलाही दक्षिण काशी म्हणतात. तिथला प्रदक्षिणेचा मार्ग समुद्रालगतच्या खडकांवरून जातो. तो ओहोटीतच करावा. भरती चढू लागली की लाट खडकावरून माणूस ओढून नेते. वाळूवर गाडी घालू नये. चाक रुतलं आणि पाणी आलं तर ट्रॅक्टर येईपर्यंत उशीर झालेला असतो.

विहिरीतलं पोहणं इथे चालत नाही

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेल्या १४ विद्यार्थ्यांचा बुडून मृत्यू झाला. विहिरीत, कालव्यात पोहणाऱ्याला आपण समुद्रातही पोहू असं वाटतं. पण समुद्रात पाणी माणसाला आत ओढतं. ओहोटीला पाणी शांत दिसतं, तेव्हाही ही ओढ असते. गणपतीपुळ्याचा किनारा तर यासाठी खास धोक्याचा मानला जातो.

- गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात जाऊ नये. लहान मुलांचा हात सोडू नये.
- जीवरक्षक किंवा गावकरी नको म्हणाले तर वाद घालू नये.
- पाण्याने ओढलंच तर किनाऱ्याकडे सरळ झटू नये, दम संपतो. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत ओढीच्या बाहेर यावं आणि मग काठाकडे वळावं.
- वाचवायला घरच्या सगळ्यांनी उड्या मारू नयेत. दोर, रिकामा कॅन किंवा ट्यूब फेकावी आणि ११२ वर फोन करावा.
- दारू पिऊन कोणीही पाण्यात उतरू नये.

कधी जावं?

दिवाळीनंतर ते मेअखेर हा काळ चांगला. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, घाटात दरडी पडतात आणि जंजिऱ्याची होडी बंद असते. फेरीबोटीचाही भरवसा नसतो. निघण्याआधी टायर, ब्रेक आणि स्टेपनी तपासून घ्यावी. पंचांग सोबत असू द्यावं.