भंडाऱ्याची करवतकाठी

किनखाब म्हटले की बनारसची जर आठवते आणि महावस्त्र म्हटले की पैठण-येवल्याची पैठणी. साकोली तालुक्यातील एकोडीच्या परिसराचा उल्लेख त्या मालिकेत सहसा होत नाही. परंतु १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा होण्यापूर्वीचा जो विस्तीर्ण भंडारा जिल्हा, त्याने जरीवाचून वैभव साधणारी करवतकाठी साडी महाराष्ट्राला दिली, हे विसरून चालणार नाही.

या वस्त्राचा प्रारंभ रानात होतो. टसरची अळी ऐन व अर्जुन वृक्षांची पाने खाऊन उघड्यावरच वाढते; तिची राखण ढिवर समाजाने पिढ्यानपिढ्या केली. तिचा कोष कठीण, धागा मधाळ वा मातकट छटेचा. हा कोसा विणण्यात मोहाडी तालुक्यातील आंधळगावच्या कोष्टी विणकरांनी नाव मिळविले.

साडीचे अंग कोशाच्या मूळ रंगाचे, काठ गडद, आणि दोहोंच्या सांध्यावर करवतीच्या दातांसारखी रांग. नाव त्यावरूनच पडले. हा सांधा शिवलेला वा छापलेला नसतो. मागावर तीन धोटे चालतात, दोन काठांचे दोन व अंगाचा एक. प्रत्येक फेरीत काठाचा बाणा अंगाच्या बाण्यात अडकवून माघारी न्यावा लागतो. काम संथ चालते, पण काठाचा रंग निर्भेळ राहतो. एकच धोटा या कडेपासून त्या कडेपर्यंत धावला, तर अंगाचा फिकट धागा काठात शिरतो व रंग मावळतो. बाणे एकमेकांत गुंतविण्याचे हेच तत्त्व पैठणीतही आहे. कीर्ती मात्र तिच्याच वाट्याला आली.

१ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीच्या स्वस्त कापडापुढे साधे कापड विणणाऱ्यांचा टिकाव लागणे कठीण झाले. तीन धोट्यांचा काठ मात्र गिरणीच्या मागाला साधणारा नव्हता.

रसेल व रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ सालच्या मध्य प्रांतातील जातींविषयीच्या ग्रंथात कोष्टींच्या पोटजातींमध्ये ‘जैन कोष्टी’ हे नाव येते. ते कधीकाळी जैनधर्मीय असावेत, असा तर्कही तेथे केलेला आहे. या नोंदीपाशी क्षणभर थांबावेसे वाटते. कारण अखंड धागा काढावयाचा तर कोषातील जीव आधीच उष्णतेने मारावा लागतो. पतंग कोष भेदून बाहेर पडला की धागा तुटतो, आणि तो कापसासारखा कातावा लागतो. म्हणूनच अनेक जैन कुटुंबे रेशीम वर्ज्य मानतात. मात्र बियाण्यासाठी राखलेल्या कोषांतून पतंग बाहेर पडू द्यावेच लागतात, आणि त्या भेदलेल्या कोषांचेही सूत निघते. ते जाड व गाठाळ असते, तथापि विणता येते. याच मार्गाने अलीकडे तत्कालीन अविभाजित आंध्र प्रदेशातील कुसुमा राजय्या यांनी ‘अहिंसा रेशीम’ प्रचारात आणले. अशा सुताला अखंड धाग्याची झळाळी येत नाही, हे मान्य करावयास हवे.

करवतकाठीला आता भौगोलिक मानांकन लाभले आहे. नकलाही पुष्कळ निघतात. त्यांत करवतीचे दात नुसते छापलेले असतात. पारख करावयाची तर साडी उलटी करून काठ पाहावा. अस्सल काठाच्या मागील बाजूसही अंगाचा एकही धागा आलेला नसतो.