हरवलेल्या आप्तांचा रकाना

अमेरिकेच्या दक्षिण भागावर लिहिणाऱ्या ख्रिस्ती लेखिकांच्या कादंबऱ्या बहुधा एका घराण्याभोवती फिरतात. घराण्यात एक गुपित असते. ते उघड झाले की दुरावलेली माणसे पुन्हा जवळ येतात. ख्रिस्ती कथालेखनातून पुढे आलेल्या लिसा विंगेट यांची ‘द बुक ऑफ लॉस्ट फ्रेंड्स’ (२०२०) याच वळणाची आहे. आम्हांला मात्र तिच्यामागचा इतिहास अधिक बोलका वाटतो.

१८६५ मध्ये अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने संपली. पण विकली गेलेली आई, मुले, भावंडे शोधायची कुठे? न्यू ऑर्लीन्सच्या ‘साउथवेस्टर्न ख्रिश्चन अ‍ॅडव्होकेट’ या मेथडिस्ट पत्राने १८७० च्या दशकापासून हरवलेल्या आप्तांसाठी रकाना चालवला. आईचे नाव, मालकाचे नाव, कोणाला कुठे विकले, एवढाच मजकूर. वर्गणीदार नसलेल्याला ५० सेंट पडत. ही पत्रे चर्चमध्ये वाचून दाखवावीत, अशी पाद्र्यांना विनंती असे.

मळेवाल्यांच्या घरात जे झाकले जाई, तेच पूर्वीचे गुलाम नावानिशी छापत होते. विंगेट यांच्या कादंबरीत मालकाची औरस मुलगी, अनौरस मुलगी आणि पूर्वीची गुलाम हॅनी १८७५ मध्ये एकत्र प्रवासाला निघतात. रकान्यातील खरी पत्रेही पुस्तकात दिली आहेत.

कादंबरी शेवटी माणसांची भेट घडवू शकते. पत्रे लिहिणाऱ्या सगळ्यांच्या नशिबी ती नव्हती. म्हणून अशा कादंबऱ्या वाचताना गुपित कोणी राखले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे आपण विचारले पाहिजे.