बार्नॅकल हंस

काळी मान, पांढराशुभ्र चेहरा आणि पाठीवर राखाडी-काळे पट्टे असलेला आर्क्टिक प्रदेशातील वन्य हंस. शास्त्रीय नाव ब्रँटा ल्यूकॉप्सिस. त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थच पांढऱ्या चेहऱ्याचा. वजन साधारण दीड ते दोन किलो. थवा वरून जाताना कुत्र्याची पिल्ले भुंकत चालल्यासारखी वाटतात. हिवाळ्यात उजनी-जायकवाडीवर उतरणारा पट्टकादंब तो हा नव्हे.

नावाची कथा पक्ष्याइतकीच रंजक आहे. पश्चिम युरोपात हा हंस पूर्वी फक्त हिवाळ्यात दिसे. त्याचे घरटे, अंडी, पिल्ले कुणाच्याच पाहण्यात नव्हती. त्याच किनाऱ्यांवर वाहून आलेल्या ओंडक्यांना बार्नॅकल नावाचे कवचधारी जीव देठांनी लटकलेले असत. पांढरट शिंपल्यांतून डोकावणारे त्यांचे झुबकेदार पाय पिसांसारखे दिसत. लोकांनी सांगड घातली: हंस लाकडावर पिकतो! असे हजाराहून अधिक जीव स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याचे बाराव्या शतकात जेराल्ड ऑफ वेल्सने लिहून ठेवले. आयर्लंडमधले काही धर्मगुरू उपासाला हा हंस खुशाल खातात, अशीही त्याची नोंद आहे. मांसापासून जन्मलेला नाही, म्हणजे चालतो. उपासाच्या पळवाटा सगळीकडे सारख्याच.

सम्राट दुसरा फ्रेडरिक (मृत्यू १२५०) मात्र चौकस होता. त्याने अशी लाकडे मागवून तपासली. शिंपल्यात पक्ष्याचा मागमूस नव्हता, तेव्हा हे हंस दूर कुठेतरी अंडी घालत असावेत, असा तर्क त्याने केला. तर्क बरोबर होता, पण दंतकथा शतकानुशतके टिकली. १७५८ मध्ये लिनीअसने एका बार्नॅकलला दिलेल्या नावाचा अर्थही ‘बदके प्रसवणारा’ असाच आहे.

खरी घरटी पूर्व ग्रीनलंड, स्वालबार्ड आणि रशियाच्या आर्क्टिक किनाऱ्यावर. ध्रुवीय कोल्ह्यांपासून बचावासाठी हा हंस छोटी बेटे किंवा उभे कडे निवडतो. मादी चार-पाच अंडी घालते आणि सुमारे २५ दिवस उबवते. घरट्याला अस्तर तिच्याच छातीच्या पिसांचे.

कड्यावर कोल्हा येत नाही, तसे गवतही उगवत नाही. हंस पिल्लांना चारा भरवत नाहीत. पिल्लांनी स्वतः चरायचे असते. त्यामुळे एक-दोन दिवसांचे, पंख न फुटलेले पिल्लू थेट उडी घेते. ग्रीनलंडमध्ये काही कडे शंभर मीटरहून उंच आहेत. आईबाप खालून हाका मारतात. पिल्लू पाय फाकवून, अंग पसरून खडकांवर आपटत, उसळत खाली येते. हलके अंग आणि मऊ लव यामुळे पुष्कळशी वाचतात. काही दगावतात, आणि तळाशी कोल्हे टपलेले असतातच.

ग्रीनलंडचे हंस हिवाळ्यात आयर्लंड व पश्चिम स्कॉटलंडला, रशियाचे मुख्यतः नेदरलँड्स-जर्मनीला आणि स्वालबार्डचे ब्रिटनमधील सॉलवे खाडीला जातात. १९४० च्या दशकात सॉलवेला जेमतेम तीनशे हंस उरले होते. शिकारबंदीनंतर ती संख्या चाळीस हजारांच्या आसपास गेली. एकेकाळच्या दुर्मिळ पाहुण्याने कुरणे फस्त केल्याची शेतकऱ्यांची तक्रार सुरू झाली. १९७१ पासून काही हंस बाल्टिक समुद्रातल्या गॉटलंड बेटाजवळच घरटी करू लागले. २०२१-२२ च्या हिवाळ्यात बर्ड फ्लूने सॉलवेवरील सुमारे एक-तृतीयांश हंस मेले. स्वालबार्डमध्ये समुद्रातले बर्फ लवकर वितळते, म्हणून ध्रुवीय अस्वले आता उन्हाळ्यात बेटांवर येऊन अंड्यांवर ताव मारतात.