दोन नळ्यांचा भरवसा

ग्वाल्हेर, इंदूर, देवास या बाजूच्या जुन्या मराठी घरांत पूर्वजांच्या तसबिरींशेजारी एखादी दुनळी रायफल टांगलेली असे. खंडेनवमीस तिला हळदकुंकू लागे, दसरा सरला की ती पुन्हा भिंतीवर जाई. तिच्याविषयीच्या कथा घरोघरी पाठ होत्या, पण ती नेमकी कशी निवडली गेली हे सांगणारी माणसे आता उरलेली नाहीत.

आमच्यावर हा विषय एका प्रसंगाने आला. राज्य शासनाच्या सेवेत असताना शस्त्रपरवान्यांचे काम काही वर्षे आमच्याकडे होते. २०१९ साली शस्त्र कायद्यात दुरुस्ती होऊन एका परवानाधारकास तीनऐवजी दोनच शस्त्रे बाळगण्याची मुभा राहिली. तेव्हा परिचयातील एक वयोवृद्ध गृहस्थ आमच्याकडे आले. त्यांच्याकडे बारा बोअरची एक बंदूक आणि आजोबांच्या दोन दुनळी रायफली होत्या. बंदूक शेतावर लागे. रायफलींपैकी मात्र एक द्यावी लागणार होती. एक नक्षीदार, बाहेर घोडे असलेली, .५०० एक्सप्रेस. दुसरी अगदी साधी, घोडे आत दडवलेली, .४७० ची. "पहिलीनेच आजोबांनी वाघ मारला. तीच ठेवावी म्हणतो. तुमचे मत काय?" असे त्यांनी विचारले. उत्तर देण्यापूर्वी आम्हांस बराच इतिहास चाळावा लागला.

दुनळी रायफल म्हणजे एका दस्त्यावर बसवलेल्या दोन स्वतंत्र रायफली. दोन नळ्या, दोन चाप, दोन यंत्रणा. एक कमान तुटली तरी दुसरी नळी उडते आणि दुसऱ्या बारासाठी खटका मागेपुढे करावा लागत नाही. याचे मोल मचाणावर बसलेल्या पाहुण्यास कमी कळे, हाक्यातील माणसास अधिक. वाघ जखमी होऊन नाल्यात शिरला की त्याचा माग काढण्यास रानातली गरीब माणसे पुढे असत. शिकाऱ्याची दुसरी नळी हाच त्यांचा विमा. म्हणून भरवशाचे हत्यार निवडणे ही हौस नव्हती, ती दुसऱ्याच्या जिवाची जबाबदारी होती.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काळ्या दारूच्या 'एक्सप्रेस' रायफली प्रचारात आल्या. लंडनच्या पर्डी यांनी १८५६ च्या सुमारास वेगवान आगगाडीवरून हे नाव घेतले. वेगासाठी गोळी हलकी व पोकळ केलेली असे. हरणावर ती उत्तम चाले, पण वाघ, रानगवा यांच्या जाड स्नायूंवर कधी कधी वरच्या वर फुटे आणि जनावर जखमी होऊन निसटे. मध्य प्रांतात नोकरी केलेले जेम्स फोर्सिथ यांच्यासारखे जाणकार दाट रानासाठी मोठ्या व्यासाची, जड गोळीच पसंत करीत, ते यामुळेच.

पुढे कॉर्डाइट ही धूरविरहित दारू आली आणि १८९८ मध्ये रिग्बी यांनी .४५० नायट्रो एक्सप्रेस बाजारात आणली. सुमारे ३१ ग्रॅमची गोळी सेकंदाला साडेसहाशे मीटरच्या वेगाने जाऊ लागली. उष्ण हवेत कॉर्डाइटचा दाब वाढतो आणि काडतूस नळीत अडकते. म्हणून या काडतुसांची पुंगळी मुद्दाम लांबरुंद ठेवून दाब कमी राखला गेला. १९०७ मध्ये सरकारने हिंदुस्थानात .४५० व्यासावर बंदी घातली. त्या मापाचा दारूगोळा बंडखोरांच्या हातातील जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकांना उपयोगी पडेल, ही भीती त्यामागे होती. मग कारागिरांनी .४६५, .४७०, .४७५ अशी शेजारची मापे काढली. आपल्याकडील घरांत .४७० दिसते, त्यामागे हे राजकारण आहे.

निर्मात्यांत हॉलंड अँड हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स, जेफरी ही नावे संस्थानी शिकारखान्यांत परिचित होती. वेस्टली रिचर्ड्सच्या १८९७ च्या पेटंटाची रायफल विशेष सोयीची. तिच्या दोन्ही यंत्रणा हातानेच खाली काढता येत आणि पेटीतील राखीव जोडी बसवून रानातच काम भागवता येई. जिम कॉर्बेट यांच्या हाती अनेक वर्षे असलेली जेफरीची .४५०/४०० दुनळीही साध्याच घडणीची होती. नक्षीने वाघ थांबत नाही, हे त्या पिढीस ठाऊक होते.

जुनी दुनळी पारखण्याची रीतही ठरलेली होती. पुढील लाकूड काढून रायफल हलवावी, सांध्यात डुगडुग नसावी. मिटल्यावर नळ्यांच्या मागील फटीतून उजेड दिसू नये. नळ्या सुट्या करून टांगाव्यात आणि हलकेच टिचकी मारावी. घंटेसारखा नाद आला तर दोन नळ्यांमधील डाख शाबूत, भद्द आवाज आला तर सुटलेला. आतील आटे पाहावेत. जुन्या काडतुसांच्या टोपीतील क्षार ओल धरून नळी खातात, म्हणून बार झाल्यावर गरम पाण्याने नळी धुण्याची शिस्त होती. दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एकाच जागी लागाव्यात म्हणून कारागीर प्रत्यक्ष बार करून नळ्या जुळवीत, आणि ही जुळणी ठरावीक दारू व ठरावीक गोळीपुरतीच असे. सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे नळ्यांच्या बुडाशी सपाट भागावर ठोकलेली लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाची मुद्रा. ती कोणत्या दारूसाठी आहे, यावर सारे अवलंबून.

त्या गृहस्थांच्या नक्षीदार रायफलीवर आम्ही हीच मुद्रा पाहिली. ती केवळ काळ्या दारूची होती. पेटीत मात्र .५०० नायट्रोची काही काडतुसे निघाली. दोहोंचे बाह्य माप एकच, त्यामुळे ती नळीत बिनबोभाट बसतात. दाबात मात्र जमीनअस्मानाचा फरक, नळी फाटण्याचाच धोका. नातू येत्या दसऱ्याला 'आजोबांच्या बंदुकीचा एक बार' काढणार होता, हे तेव्हा कळले. गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत.

वाघाच्या शिकारीवर १९७० मध्ये बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला, आणि ते योग्यच झाले. ग्वाल्हेरच्या माधवराव महाराजांनी ज्या शिवपुरीच्या रानात शिकारी केल्या, तेथे आता वाघ राखले जातात. तेव्हा आजची निवड वाघासाठी नव्हती, घरातील मुलासाठी होती. गृहस्थांनी साधी .४७० ठेवली. वाघाच्या कथेची .५०० आणि ती काडतुसे रीतसर जमा केली. पोचपावतीवर सही करताना ते म्हणाले, "कथा घरातच राहील."

आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी असे हत्यार असेल त्यांनी पूजेच्या निमित्ताने एकदा नळ्यांच्या बुडाची मुद्रा जाणकाराकडून वाचून घ्यावी. पूर्वजांनी ज्या काळजीने हत्यार निवडले, तीच काळजी आता ते सांभाळताना दाखवावी लागेल.